धबधब्यामागचा दगड

केदारनाथनं जे केलं होतं त्याला कायद्यात कलम नव्हतं, पुराणात नरक नव्हता आणि त्याच्या युसूफ वडगावात शिवी नव्हती. म्हणूनच ते त्याला जड जात होतं. माणसानं शेळी चोरली तर 'शेळी चोरली' असं दोन शब्दांत सांगून मोकळं होता येतं. केदारनाथनं एका झोपलेल्या बाईच्या टाचेचा फोटो काढून त्याचा डोंगर केला होता, आणि आता गाव त्या डोंगराच्या पाया पडणार होतं.

झालं असं, की केदारनाथ कॉम्प्युटरवर त्रिमिती चित्रांचे प्रोग्राम लिहायचा. पुण्यातल्या एका कंपनीसाठी त्यानं खेळातल्या भिंती केल्या होत्या. खेळ कोणी खेळेना, म्हणून कंपनीनं तो बंद केला आणि केदारनाथ गावी परत आला. वडलांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या ढेपा आणि तेलाच्या डब्यांच्या मधोमध त्यानं कॉम्प्युटर मांडला. गावात त्याच्याबद्दल 'खोलीत बसून भिंती बांधतो' एवढीच माहिती होती, आणि ती खरी होती.

ही माहिती बसवेश्वर अप्पांपर्यंत गेली. अप्पांचं खताचं दुकान होतं आणि गावातल्या मठाचा कारभारही तेच बघायचे. कपिलधारच्या पवित्र धबधब्याच्या पायऱ्या ज्यांच्यानं आता होत नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी मठात मोठा टीव्ही लावायचा आणि त्यात कपिलधार दाखवायचं, असं त्यांच्या मनात आलं.

"नुसता व्हिडिओ नगं," अप्पा म्हणाले. "म्होरं गेलं की जवळ दिसलं पायजे, बाजूला झालं की बाजूनं. पाणी आरपार दिसलं पायजे, आन् पाण्यामागचा दगड बी. दगड महत्त्वाचा. पाणी काय, नळाला बी येतं."

अशा चित्रात आकार वेगळा आणि कातडी वेगळी. आधी कोरा पांढरा आकार उभा करायचा आणि मग उशीवर अभ्रा चढवावा तसा त्यावर फोटो चढवायचा. ह्या अभ्र्याला टेक्श्चर म्हणतात. कड्याचा आकार केदारनाथनं चार चहांत उभा केला. अभ्र्यासाठी मात्र खऱ्या दगडाचा फोटो हवा होता, म्हणून तो मोबाईल दुरुस्तीवाल्या प्रविणच्या गाडीवर बसून कपिलधारला जाऊन आला. दोघांनी भजी खाल्ली, भिजले आणि भरपूर फोटो काढले. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत दगडाच्या पुढं केदारनाथ उभा. कुठं हात पसरून, कुठं गॉगल लावून. कॉम्प्युटरच्या हिशेबानं केदारनाथ ही भरीव वस्तू होती, आणि भरीव वस्तूच्या मागचं काही दिसत नाही.

"परत जाऊ बे," प्रविण म्हणाला.

"उद्या," केदारनाथ म्हणाला.

ह्या उद्याला पोळा येऊन गेला तरी उजाडलं नाही. मग एके दुपारी अप्पांचा निरोप आला, की संध्याकाळी बघायला येतो. केदारनाथ घाबरून खोलीबाहेर आला, आणि पडवीत कौशल्याबाई झोपली होती.

कौशल्याबाई शेजारच्या गल्लीतली. दसरा झाला की नवरा रामहरी आणि सासूबरोबर ती ऊसतोडीला जायची. गावात असली की दुकानासाठी धान्य निवडून द्यायची. केदारनाथला तिनं कडेवर घेतलेलं होतं, आणि ह्याची आठवण ती त्याला अधूनमधून करून द्यायची. भाकरी खाऊन तिचा डोळा लागला होता. पाय दाराकडं पसरलेले होते आणि टाचांवर तिरपं ऊन पडलं होतं. काळपट, कोरड्या टाचा. उभ्याआडव्या भेगा, भेगेतून फुटलेल्या बारीक भेगा, आणि सगळ्यात मोठ्या भेगेत ठणका लागू नये म्हणून भरलेलं मेण. केदारनाथनं टाच बघितली नाही. त्याला कडा दिसला, आणि मेणाच्या जागी झरा.

फोटो काढण्याआधी त्यानं पायातल्या चपला काढल्या, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

संध्याकाळपर्यंत तीच एक टाच उलटी, सुलटी, आडवी लावून अख्खा कडा मढवून झाला. वरून पाणी सोडलं. अप्पा आले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी त्यांनी हात जोडले.

"हाच. हाच त्यो दगड," ते म्हणाले. "ल्हानपणी हितंच मी शेवाळावरनं घसरलतो."

केदारनाथ 'व्हय' म्हणाला. खरी चूक हीच. टाच चोरली तेव्हा निदान घाई तरी होती.

"पाणी आजून पातळ कर," अप्पा जाताना म्हणाले. "दगड निवळ दिसू दे."

त्या दिवसापासून केदारनाथला जेवण गोड लागेना. त्यांच्या घरात चुकून ज्वारीच्या पोत्याला पाय लागला तरी वाकून पोत्याच्या पाया पडायची पद्धत. पायाचा एवढा विचार करणाऱ्या घरात तो वाढला होता, आणि त्यानं काय केलं, तर एका बाईचे पाय तिच्या नकळत देवाच्या जागी नेऊन ठेवले. हे तिचा मान वाढवणं झालं, की तिची थट्टा, की देवाची, हे त्याला ठरवता येईना. कौशल्याबाई समोर आली की तो छताकडं बघून बोलायचा.

"काय रं केदार, मान आवघडली का?" तिनं एकदा विचारलंही.

त्यानं दगड बदलून बघितला. इंटरनेटवरचा एक चांगला काळा पाषाण आणून लावला. अप्पांनी लांबूनच मान हलवली. "ह्यो परदेशी हाय. ह्याला कपिलधारचं पाणीच लागल्यालं न्हाई. आधीचा लाव." मग त्यानं पाणी दाट केलं, म्हणजे मागचं कमी दिसेल. अप्पा म्हणाले, "ह्ये पाणी हाय का दूध? अभिषेक चाललाय काय?"

शेवटी त्यानं पंगत बिघडवली. आरपार वस्तूंचं काम पंगतीसारखंच असतं. आधी भात वाढायचा, मग वरण. म्हणजे भरीव वस्तू आधी रंगवायच्या आणि पाणी, काच, धूर असलं आरपार दिसणारं नंतर. त्यातही लांबचं आधी, जवळचं शेवटी. कोणी आधी वरण वाढलं की पत्रावळीची जागा गेली. मग मागून आलेला भात कॉम्प्युटर वाढतच नाही, 'हितं आधीच काहीतरी हाय' म्हणतो आणि पुढं जातो. केदारनाथनं मुद्दाम पाणी आधी वाढलं. टाच गायब झाली. धबधब्यामागं नुसतं निळं आभाळ उरलं आणि केदारनाथला त्या रात्री झोप लागली.

सकाळी अप्पांनी आभाळ बघितलं.

"पाण्यामागं आभाळ? मंग पाणी पडायलंय कुठनं, इमानातनं?"

केदारनाथनं निमूटपणे पंगत सरळ केली. टाच परत आली, पहिल्यापेक्षाही निवळ.

घटस्थापनेला मठात टीव्ही सुरू झाला. पहिला मान सगळ्यात थकलेल्या माणसांचा, असं अप्पांनी जाहीर केलं, आणि दोघींनी धरून ज्यांना पुढं आणलं त्या वत्सलाबाई होत्या. कौशल्याबाईची सासू. गुडघे गेलेले, नजर शाबूत, जीभ त्याहून शाबूत. सुनेला त्या 'अगं ए' म्हणायच्या. सुनेचं नाव गावाला मतदानाच्या दिवशी कळायचं.

वत्सलाबाई टीव्हीपुढं वाकल्या. बरोबर मेणाच्या झऱ्यावर त्यांनी कपाळ टेकलं आणि तसंच ठेवलं. लोकांना वाटलं, समाधी लागली. शेवटी दोघींनी धरून उठवलं. मग कौशल्याबाई पुढं आली, पदर सावरला आणि स्वतःच्या टाचेवर डोकं ठेवलं. उठताना ती जरा थांबली.

"ह्यो दगड कुटं तरी बगितल्यावानी वाटतोय," ती म्हणाली.

केदारनाथच्या हातातला माऊस घामानं निसटला आणि सगळ्या गावाला कपिलधार उलटं दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती पडवीत हरभरा निवडत बसली होती. तो समोर जाऊन उकिडवा बसला.

"मावशी, तुमी झोपला व्हता."

"कवा?"

"पोळ्याच्या सुमाराला."

"मंग? डोळा लागतो माणसाचा. तुझ्या बापानं पाठीवलंय का?"

"न्हाई, न्हाई. मी तवा तुमच्या टाचंचा फोटो काढला."

सूप थांबलं. "कावून?"

ह्या प्रश्नाची त्यानं मोठमोठी उत्तरं तयार ठेवली होती. उजेड, भेगा, कलेची गरज. पण 'कावून' म्हणून विचारल्यावर ती सगळी चाळणीतून खाली गेली. "आळसापायी," तो म्हणाला. "दगडाचा फोटो आणाया परत जायाचा कटाळा केला. आता मठात पाण्यामागं हाय ती तुमची टाच हाय."

कौशल्याबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "म्हंजी काल मी माझ्याच..."

"हां."

"आन् आत्याबाई?"

"त्या बी."

"मुडद्या!" तिनं सूप आपटलं. "सासूनं सुनंच्या टाचंवर डोस्कं टेकलं?" मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "लई येळ टेकलं व्हतं का रं?"

"बराच येळ. उठवावं लागलं."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. काडी पेटून वाऱ्यानं विझावी, तेवढाच वेळ.

"काड ते," ती म्हणाली. "ऊसतोडीची गाडी यायच्या आत काड. ह्या नवरात्रात गावातली समदी म्हातारी माणसं तितं डोस्कं टेकणार, त्येचं पाप माझ्या टाचंला. आन् आत्याबाईला कळलं तर? साखर कारखान्यावर आमाला एकाच कोपीत ऱ्हायाचंय, पाचटाच्या झोपडीत. भिंत बी न्हाई मधी. समदा हंगाम ती बोलंल आन् मी ऐकीन." तिनं पुन्हा सूप उचललं. "आन् इचारायचं व्हतंस. द्यायाची का न्हाई ते मी ठरीवलं असतं. दिली असती तर धुऊन दिली असती."

केदारनाथला ती आणखी शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं दिल्या नाहीत. धुऊन दिली असती, एवढंच म्हणाली.

तो कपिलधारला निघाला तेव्हा ती प्रविणच्या गाडीशेजारी उभी होती. "म्या बी येते. जत्रा असती तवा आमी उसाच्या फडात असतो. माझी टाच जाऊन बसलीया तर जागा तरी बगू दे."

पाऊस सरला होता आणि धार बारीक झाली होती. पाण्यामागचा दगड उघडा होता, ज्याला बघायचा त्याला दिसत होता. केदारनाथनं मोबाईल काढला.

"आड यीऊ नगंस," कौशल्याबाई म्हणाली. "तुझी सवय ठाव हाय मला. प्रविणनं सांगितलं."

तो बाजूला झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखाद्या जागेचा असा फोटो काढला, ज्यात तो नव्हता. कौशल्याबाई अनवाणी पुढं गेली, ओल्या कातळावर उभी राहिली, आणि दगडाला पाय लागला म्हणून वाकून दगडाच्या पाया पडली. दगड आणि टाच शेजारीशेजारी. केदारनाथनं दोन्हीकडं बघितलं. दगडाला भेगा कमी होत्या.

नवा अभ्रा चढवून त्यानं पाचव्या माळेला मठात टीव्ही लावला. भिंतीला टेकून वत्सलाबाई बसल्या होत्या. नवरात्र बसल्यापासून त्या तिथंच असायच्या. सासूला घरी न्यायला आलेली कौशल्याबाई दारात उभी होती. अप्पा पुढं झाले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ह्यो खोटा हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ह्यो खरा हाय. परवा जाऊन फोटो आणलाय."

"मला शिकवतो का? ल्हानपणापासनं जातो मी. एवढा गुळगुळीत दगड असतो व्हय? आधीच्याला बघितलं की अंगावर काटा यायचा. आधीचा लाव."

"आधीचा दगड न्हवता."

"मंग काय व्हतं?"

केदारनाथनं दाराकडं बघितलं नाही. न बघण्याचा सराव आता झाला होता. "टाच व्हती," तो म्हणाला.

मठात असं शांत झालं, की टीव्हीतल्या पाण्याला आवाज नाही हे सगळ्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

"कुणाची?" अप्पांनी विचारलं.

आता नाव सांगितलं तर सासूला कळणार, आणि पाचटाच्या कोपीत हंगामभर सुनेला ऐकावं लागणार. नाही सांगितलं तर टाच पुन्हा धबधब्यामागं जाणार.

"माझी," केदारनाथ म्हणाला.

अप्पा लाल झाले. "तुझ्या टाचंला आमी हात जोडले? माझ्या ल्हानपणासकट? दाव!"

"अप्पा..."

"दाव म्हणतो ना!"

केदारनाथ खाली बसला, पायमोजा काढला आणि टाच वर धरली. गुळाच्या खोलीत, खुर्चीवर, मोज्यात वाढलेली टाच. गुलाबी होती. खाली ठेवली तर पुन्हा फुगून वर येईल अशी.

"ह्यो पाव हाय," वत्सलाबाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही हे अप्पांच्या तोंडावरून ठरवायचं असतं, आणि अप्पांचं अजून ठरलं नव्हतं.

"उगं लेकराला पिडू नका," वत्सलाबाई पुढं बोलल्या. "ती टाच आमच्या हिची हाय. कौशल्याची."

दारात कौशल्याबाईनं चौकट धरली. सासूच्या तोंडून आपलं नाव तिनं बहुतेक लग्नातच ऐकलं असावं, उखाण्याच्या आसपास.

"आत्याबाई, तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? फडात उसाची मोळी डोस्क्यावर घिऊन तू म्होरं चालतीस आन् मी माघं. मोळीखाली मान वर व्हती का? म्होरलीच्या टाचा बघत जायाचं. त्या जिकडं वळल्या तिकडं वळायचं, त्या घसरल्या तर आपण थांबायचं. मला माझं तोंड आरशात वळखंना झालं आता, पर ती टाच आंधारात वळखीन."

"मंग... तवा डोस्कं..."

"वाकल्यावरच कळलं की! जवळनं. म्हणलं, आता टेकलंच हाय तर असू दे. गुडघे ह्ये असे. उठून परत कोण वाकणार?" वत्सलाबाईंनी हात पुढं केला, उठवा म्हणून. "अप्पा, त्यो खरा दगडच ऱ्हाऊ द्या हितं. टाच तिला लागती, हंगामाला."

अप्पांनी टीव्हीकडं बघितलं, मग केदारनाथच्या उघड्या टाचेकडं. "झाक ती," ते म्हणाले, आणि त्यावर गाव हसलं.

केदारनाथला मात्र हलकं वाटलं नाही. प्रत्येकानं आपापलं उरकून घेतलं होतं. सासूनं सुनेचं नाव घेतलं, अप्पांनी गुळगुळीत दगड मान्य केला, देवाचं काही म्हणणं नव्हतं. त्याच्या मोबाईलमध्ये टाचेचा तो फोटो अजून होता. त्यानं तो पुसला. पुसल्यावर तो फोनच्या कचरापेटीत जाऊन बसला आणि काही दिवस तिथंच राहीन म्हणाला. तिथूनही काढला. मग डोळे मिटले तर तिथं होता.

ट्रक दसऱ्यानंतर सकाळी वेशीपाशी आला. भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, शेळी. वत्सलाबाईंना रामहरीनं उचलून केबिनमध्ये बसवलं. ह्या साली फडात नाही जायचं, कोपीवर बसून फक्त बोलायचं, असं त्यांनी जाहीर केलं. कौशल्याबाई मागं चढायच्या बेतात होती. केदारनाथ पळत गेला आणि तिच्या पायाशी वाकला.

कौशल्याबाईनं झटकन दोन्ही पाय मागं घेतले.

"थांब," ती म्हणाली. "आधी हात दाव."

त्यानं दोन्ही हात वर केले. पालथे, मग उताणे. रिकामे होते.

"खिशातला?"

त्यानं मोबाईल काढून शेजारी उभ्या प्रविणकडं दिला. प्रविणनं तो पाठीमागं धरला. कौशल्याबाईनं प्रविणचाही मोबाईल कुठंय ते बघून घेतलं. मग तिनं पदरानं टाचा पुसल्या, आधी एक, मग दुसरी, आणि पाय पुढं केले.

"हां," ती म्हणाली. "आता पड."